जतहून गुहागर : एकाच रस्त्याने समुद्रापर्यंत

शेतकऱ्याच्या घरातली माणसं एकदम बाहेरगावी निघाली आहेत, असं चित्र लग्नकार्य सोडलं तर आपल्याकडे सहसा दिसत नाही. लग्नालासुद्धा एकजण पंगत उठली की हात धुतो आणि धारेच्या वेळेला घरी परत फिरतो. नोकरदाराची रजा साहेब मंजूर करतो. आपली रजा म्हशीनं मंजूर करावी लागते आणि विजेच्या पाळीनं. त्यामुळं आमच्या आईला सत्तरी गाठेपर्यंत समुद्र दिसला नव्हता. पंढरपूर, तुळजापूर, गोंदवले झालं. पण ते सगळं देवदर्शन, तेही एका दिवसात जाऊन-येऊन.

प्रवासात मोबाईलचा उपयोग कसा करावा, यावर हल्ली पुष्कळ सांगितलं जातं. त्यातलं बहुतेक रस्ता शोधण्याविषयी असतं. आम्हाला रस्ता शोधायचाच नव्हता. आमच्या जत तालुक्यातून जो रस्ता जातो, त्याचं नावच गुहागर-विजापूर रस्ता. पूर्वी तो राज्याचा रस्ता होता, आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे आणि त्याला १६६-ई असा नंबर आहे. शाळेत जाता-येता दगडावर 'गुहागर' हे नाव आम्ही वाचत आलो. पण पूर्वेला विजापूरला बाजाराला गेलो आणि पश्चिमेला फार तर विट्या-कराडपर्यंत. रस्ता दारातून समुद्राकडं जात होता, अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, आणि तरी एक पिढी त्या टोकाला गेली नाही. अडचण घराच्या टोकाला होती, आणि फोनचा खरा उपयोग आम्हाला तिथंच झाला.

डाळिंबाचा आंबे बहार धरणाऱ्यांना ठाऊक आहे की मार्गशीर्षाच्या सुमारास बाग ताणावर असते. पाणी तोडलेलं असतं. शाळू पेरून झालेला, हुरड्याला अजून अवकाश. वर्षातले हेच काय ते चार दिवस हात थोडे मोकळे असतात. राहिला प्रश्न वैरणीच्या मक्याचा. त्याला ठिबक आहे, आणि विहिरीवरच्या मोटारीला सिमकार्डाचा स्टार्टर बसवून आम्हाला दोन वर्षं झाली. लाईट आली की तो निरोप पाठवतो, आपण फोन लावला की मोटार सुरू होते, विहिरीतलं पाणी तुटलं तर आपोआप बंद पडते. रात्री दोनच्या पाळीला बॅटरी घेऊन बांधावरून जायचं, साप-किरडाची भीती, हे ज्यांनी सोसलं आहे त्यांना या डबीची किंमत वेगळी सांगायला नको. एक मात्र आहे. विहिरीच्या जागी रेंज असली तरच ती चालते, आणि पाटानं पाणी देणाऱ्याला तिचा निम्माच उपयोग, कारण बारं मोडायला आणि धरायला माणूसच लागतो.

म्हशीला मात्र कुठली डबी बसवता येत नाही. आमची म्हैस आईच्या हाताला लागलेली. दुसऱ्या कुणी हात लावला तर पान्हा चोरते. म्हणून निघायच्या आधी आठ-दहा दिवस धाकट्या भावजयीनं धारा काढायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस आई शेजारी उभी राहून पाठीवरून हात फिरवत होती, मग गोठ्याच्या दाराशी, मग घरातच. धाकटा भाऊ आणि भावजय घरी थांबणार, पुढच्या खेपेला त्यांनी जायचं आणि आम्ही धारा काढायच्या, असं ठरलं. सहलीची खरी आखणी झाली ती ही. बाकीचं थोरल्या मुलीनं दोन संध्याकाळी फोनवर केलं.

तिनं काय काय केलं ते सांगतो, म्हणजे इतरांना उपयोगी पडेल. रस्त्याचा नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घेतला. पुष्कळांना वाटतं की रेंज गेली की नकाशा मेला. तसं नाही. आपण कुठं आहोत हे फोनला वरच्या उपग्रहांकडून कळतं, त्याला टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो नकाशाचं चित्र मागवायला. चित्र आधीच उतरवून ठेवलं असलं की घाटात, जंगलात टिपका बरोबर सरकत राहतो. फक्त पुढं गर्दी आहे की नाही, दरड पडली आहे का, हे त्यात दिसत नाही. लायसन आणि गाडीचे कागद तिनं डिजिलॉकरमध्ये घातले, ते सरकारदरबारी अस्सल कागदाइतकेच चालतात. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते पाहिलं. 'मेघदूत'वर पावसाचा अंदाज बघितला, कारण ऐन हिवाळ्यात आभाळ भरून येण्याची सवय आता हवामानाला लागली आहे. अडीअडचणीला ११२ हा नंबर तर आता आईलाही पाठ आहे.

राहायच्या जागेचं मात्र फोनवरच्या फोटोवर ठरवलं नाही. फोटोत सगळ्याच खोल्या समुद्रासमोर असतात. तीन ठिकाणी सरळ फोन लावून सौ. बोलली. पायऱ्या किती, संडास भारतीय की कमोडचा, रात्री गरम पाणी मिळतं का, जेवणात मासळीची भांडी वेगळी असतात का. आईचे गुडघे दुखतात आणि ती माळकरी आहे, त्यामुळं हे प्रश्न महत्त्वाचे. ज्या घरच्या बाईनं न कंटाळता सगळी उत्तरं दिली, तिथंच ठरवलं. पोफळीच्या वाडीतल्या दोन साध्या खोल्या होत्या.

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. शिदोरीला बाजरीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि घट्ट दही. फोनमधली बाई मराठीतून बोलायला लागली, "दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा," तशी आई म्हणाली, "कोण गं ही? रात्रभर जागीच हाय व्हय?" मुलं इतकी हसली की अंधारातला नागजपर्यंतचा रस्ता कधी सरला ते कळलं नाही. नागज फाट्यावर रत्नागिरीहून नागपूरकडं जाणारा मोठा रस्ता आडवा येतो. तो ओलांडला, भिवघाट गेला आणि खानापूरच्या घाटमाथ्यावर उजाडलं.

हा आईच्या माहेरचा मुलूख. इथली माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायचा धंदा करायला हिंदुस्थानभर गेली. विट्यात आणि आसपासच्या गावांत जी टोलेजंग घरं दिसतात त्यातली कितीतरी गलाईवाल्यांची, आणि त्यातल्या पुष्कळांना वर्षातले दहा महिने कुलूप असतं. आता त्याच माळावर टेंभू योजनेचं पाणी खेळतं आहे. कालव्याच्या कडेनं ऊस उभा होता. आई खिडकीतून बघत राहिली. तिच्या लहानपणी इथं हंडाभर पाण्यासाठी दोन कोस चालावं लागे. ती एवढंच म्हणाली, "माज्या बानं हे बगायला पायजे हुतं."

धाकट्या मुलाच्या हातात फोन होता. नकाशावर निळ्या रेघा दिसतात त्या नद्या, हे त्याला कळल्यावर त्यानं एक खेळ काढला. आपल्या तालुक्यात पाणी येतं ते म्हैसाळला कृष्णेतून उपसून. मग कृष्णेची रेघ धरून तो बोटानं उलटा वर सरकत गेला. विट्याकडं येणारं पाणी टेंभूला उपसतात, ते टेंभू कराडजवळच, कृष्णेच्याच काठी. (गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये जन्मले ते याच टेंभूत, हे मात्र फोनला विचारावं लागलं नाही, आईच्या चौथीच्या पुस्तकात होतं.) तिथून वर कराड. आणि कराडला निळ्या रेघा दोन झाल्या.

साडेआठच्या सुमारास आम्ही त्या दोन रेघांच्या प्रत्यक्ष काठावर उभे होतो. कराडचा प्रीतिसंगम. बहुतेक ठिकाणी एक नदी दुसरीला बाजूनं येऊन मिळते, इथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात आणि भेटून पूर्वेला वळतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. १९८४ च्या नोव्हेंबरात ते गेले. झाडी चांगली राखली आहे. आम्ही तिथंच धपाटे सोडले. आईनं दोन्ही नद्यांच्या पाण्याला हात लावला, आणि विचारलं की यातलं आपल्याकडं कुठलं येतं. मुलगा म्हणाला, दोन्ही, मिसळून.

कराड ओलांडताना पुणे-बंगळूरचा महामार्ग आडवा येतो. इथं फोनमधल्या नकाशानं चार मिनिटं वाचतील म्हणून एक आडवाट सुचवली. टपरीवरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, त्या वाटेनं उसाच्या ट्रॉल्या येतात, समोरून एक आली तर तुम्हाला मागं यावं लागेल. गळीत हंगामात हे ध्यानात ठेवावं. नकाशाला रस्त्याची लांबी कळते, पण रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आहे हे तिथल्याच माणसाला ठाऊक. आणखी एक गोष्ट. नकाशा जो वेळ दाखवतो त्यात म्हातारं माणूस आणि लहान पोर धरलेलं नसतं. त्या वेळेत निम्मी भर घालावी आणि मग पोचायची वेळ ठरवावी. बायकांच्या सोयीसाठी थांबण्याच्या जागाही सौ.नं आदल्या रात्रीच बघून ठेवल्या होत्या. ज्या पेट्रोल पंपाबद्दल लोकांनी स्वच्छ असल्याचं लिहिलं होतं, तिथं तिथं खूण. पुरुषमंडळी हा विषय हसण्यावारी नेतात, म्हणून मुद्दाम लिहितो आहे. सबंध प्रवासात बाईमाणूस पाणी न पिता बसून राहणार असेल, तर ती कसली सहल?

पाटण सोडलं की डोंगर जवळ येतात. भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली, हवेत गारवा. कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरण समोर दिसतं. उंची १०३ मीटर, साठा १०५ टी. एम. सी. पावसाळा सरून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळं पाणी चांगलंच भरलेलं होतं. मुलीनं फोनवर वाचून दाखवलं की ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं मोठा भूकंप झाला. आई म्हणाली, "वाचतीस काय, मला इच्यार." ती तेव्हा बारा वर्षांची. माहेरच्या घरात मडक्यांची उतरंड खणखणली, वडिलांनी सगळ्यांना अंगणात काढलं, आणि थंडीत उजाडेपर्यंत सगळी गल्ली बाहेर बसून होती. नुकसान त्यांच्याकडं फार झालं नाही, पण कोयनेकडच्या गावांत माणसं गाडली गेली हे चार दिवसांनी कळलं. नातवंडं फोन खाली ठेवून ऐकत बसली. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिनं आम्हालाही कधी सांगितली नव्हती. कुणी विचारलीच नव्हती.

इथंच मुलाच्या निळ्या रेघेचा घोटाळा झाला. कोयना नदी हेळवाकजवळ वळून पूर्वेला आपल्याकडं येते, ते ठीक. पण धरणातलं बरंचसं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला नेलं आहे. सह्याद्रीच्या पोटात बोगदे आहेत, पाणी उंचावरून खाली सोडतात, त्याच्या जोरावर जनित्रं फिरतात. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅटची ताकद आहे. वीज महाराष्ट्राला मिळते, आणि पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्राला. नकाशावर हे बोगदे निळ्या रेघेनं दाखवलेले नसतात. मुलानं विचारलं, "म्हणजे हे पाणी आपल्याकडं येऊ शकलं असतं?" मी म्हटलं, आलंही असतं. पण मग रात्री दोनला का होईना, मोटारीला लाईट कुठून आली असती? ते म्हैसाळचं पाणी वर चढवतात तेही विजेवरच. मुलगा गप्प झाला. खरं सांगायचं तर माझंही समाधान झालं नाही. ज्याच्या गावात मे महिन्यात टँकर येतो, त्याला हे उत्तर अर्धंच वाटणार.

कुंभार्ली घाटात फोनची रेंज गेली. निघताना आम्ही भावाला व्हॉट्सॲपवर चालता ठिकाणा पाठवला होता. तो एका वेळी आठ तासच चालतो, म्हणून कराडला पुन्हा सुरू केला. घरी भावाला टिपका हेळवाकपर्यंत दिसला आणि तिथंच खिळून बसला. घाटात असं होणार हे त्याला आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून बरं. नाहीतर टिपका थांबला की घरच्यांचा जीव थांबतो. ज्यांना घरी ठेवून जातो त्यांना हे आवर्जून सांगून ठेवावं. घाट झाडीचा आणि वळणांचा आहे. पोरांना आवळासुपारी दिली, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ठेवली, आणि समोरून चढणाऱ्या गाडीला आधी वाट दिली. पायथ्याला पोफळी नावाचं गाव लागतं. वीजकेंद्र डोंगराच्या आत, वर काहीच दिसत नाही. हवा मात्र एकदम बदलते. घामट, ओलसर, लाल मातीचा वास. चिपळूणला वाशिष्ठी ओलांडली. २२ जुलै २०२१ ला याच नदीनं अख्खं चिपळूण बुडवलं होतं, दुकानांच्या पहिल्या मजल्यापर्यंत. पाण्याची वाट बघणाऱ्या आम्हा लोकांना हे समजून घ्यायला जरा वेळ लागतो.

मार्गताम्हाणे, शृंगारतळी मागे टाकून साडेचारला गुहागर. एक रस्त्याचं गाव, दोन्ही बाजूंना वाड्या, वाड्यांमागं सुरूचं बन आणि त्यामागं समुद्र. आईला म्हटलं, आधी चहा घे. ती म्हणाली, चहा घरीबी मिळतो.

ओहोटी लागलेली होती. पांढऱ्या वाळूचा लांबच लांब पट्टा, आणि पाणी दूर मागं सरकलेलं. आई चप्पल हातात घेऊन चालत गेली. घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली, लुगडं थोडं वर धरून. पायाखालची वाळू सरकली तशी तिनं नातीचा दंड धरला. एक बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढं पानी, आन् एका शेळीला पाजाय न्हाई." मग बराच वेळ काही बोलली नाही. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा मुलीनं घरी व्हिडिओ फोन लावला. पलीकडं गोठ्यातला बल्ब आणि भावजयीचं तोंड. आईनं पहिलं काय विचारावं? "पान्हा सोडला का?" भावजय म्हणाली, सोडला, अर्धा लिटर कमी. मग फोन फिरवून आईनं तिला समुद्र दाखवला आणि तिनं आईला म्हैस. रात्री जेवून वाडीत बसलो असताना लाईट आल्याचा निरोप आला. मी गुहागरातून मोटार चालू केली आणि दोन तासांनी बंद केली.

दुसऱ्या दिवसाची मौज भरतीवर बेतलेली होती. गुहागरच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर हेदवी आहे. तिथल्या दशभुजा गणपतीला लोक जातातच, पण किनाऱ्यावरच्या काळ्या खडकात एक अरुंद घळ आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीला लाट त्या घळीत घुसते आणि पाणी कारंज्यासारखं उंच उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते. म्हणून वेळ नेमकी साधावी लागते. फोननं सांगितलं, भरती सव्वाच्या सुमारास. आमच्या घरमालकीणबाईंनी फोन पाहिला नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "आज वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता भरती." तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. किनाऱ्यावरची माणसं पूर्वीपासून असंच काढतात. अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाला, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. फोन आणि बाई यांच्यात पंधरा मिनिटांचा फरक. आईला हा हिशेब इतका आवडला की दिवसभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथी सांगून भरती काढून दाखवत होती.

बामणघळीपाशी खडक शेवाळलेले असतात. पोरांचे हात सोडू नयेत, आणि फोटोसाठी कडेला तर मुळीच जाऊ नये. लाट सांगून येत नाही. आम्ही लांबूनच पाहिलं. आधी खडकाच्या आतून ढगासारखा गडगडाट येतो, मग पाणी उसळतं. परतताना वेळणेश्वर केलं. संध्याकाळी गुहागरच्या व्याडेश्वराचं दर्शन घेतलं. धोपाव्याहून दाभोळला गाडीसकट पलीकडं नेणारी फेरीबोट आहे, ती मुलांना हवी होती. पण ती वाशिष्ठीच्या मुखावर, उलट दिशेला. वेळ नव्हता.

रविवारी सकाळी सातला निघून दिवेलागणीला घरी. आई गाडीतून उतरली ती थेट गोठ्यात. खर्चाचं म्हणाल तर डिझेल, दोन रात्रींचं भाडं आणि चार वेळची जेवणं, एवढंच. शिदोरीमुळं वाटेवरचा खर्च चहापुरता. मुलीनं फोनमधल्या नकाशावर सगळ्या खुणा तशाच ठेवल्या आहेत : स्वच्छ पंप, संगमावरची सावली, ट्रॉल्यांची आडवाट, रेंज कुठं जाते ती जागा, बाईंची वाडी. त्या तिनं काकाच्या फोनवर पाठवल्या. भावजयीनं तिथींचा हिशेब करून माघातली पौर्णिमा काढली आहे. तोवर शाळू काढणीला येईल, असं भाऊ म्हणतो. ती म्हणते, मग त्याच्या पुढची. आणि मी रोज सकाळी म्हशीच्या खाली बसायला लागलो आहे. सध्या ती पाऊण लिटर कमी देते.